पिवळी फुली

३ मे
ओदिलनं गेस्टहाउसला नवा गाईड ठेवला. वाउटर. बेल्जियमचा. तिकडे डोंगराच्या नावानं टेकाडं, आणि हा आमच्या कारू डोंगरावर लोकांना फिरवणार. इतकी वर्षं तिचे पाहुणे मी वर चढवले आणि सगळे जिवंत खाली आणले. असो. मला मत्सर वगैरे वाटत नाही. नुसते पाय लांब असून गाईड होता येत नाही, एवढंच.
संकल्प : मोठ्या मनानं वागायचं. आणि यंदा द्राक्षतोडणीच्या आत ओदिलला लग्नाचं विचारून टाकायचं. घाई नाही. तिला कळलेलंच आहे.

५ मे
जेवताना पाहुण्यांचं वाउटरपुराण. त्याला म्हणे प्रत्येक फुलाचं नाव येतं. लोक डोंगर चढायला येतात की फुलं हुंगायला?
सशाची मांडी त्याच्या ताटात. ती आजवर माझ्या ताटात यायची. मला पाठ मिळाली, म्हणजे हाडं. नवीन आहे म्हणून वाढली असेल.

८ मे
ओदिलच्या कानावर सहज घातलं की, वाउटरचा गुडघा चढावर वाजतो. केवळ पाहुण्यांच्या काळजीपोटी. ती म्हणाली, "तुझे दोन्ही वाजतात, बास्तियाँ. स्वयंपाकघरात ऐकू येतात."
थट्टा आपल्याच माणसाची करतात.

११ मे
इथल्या पायवाटांच्या खुणा रंगवायचं काम माझ्याकडे आहे. फुकट. पिवळी रेघ म्हणजे वाट बरोबर, पिवळी फुली म्हणजे चूक. वाउटर नवा, खुणांवर भरवसा ठेवून चालतो. उद्या त्याचा ग्रुप पडक्या मेंढवाड्यावरून जाणार. तिथून डावी वाट द्राक्षमळ्यांतून सरळ वाइनच्या तळघराशी उतरते. उजवीकडे नुसते दगड. मी त्या बाजूला कधी गेलो नाही, जाण्यासारखं काही नाहीच.
डावीकडे फुली मारली. उजवीकडे रेघ. धोका काही नाही, मॅपवर पाहिलंय, ती वाटही शेवटी तळघरापाशीच येते. फक्त त्याला उशीर होईल. मग कळेल ओदिलला.

१२ मे, सकाळ
ग्रुप गेला. ओदिलही गेली! जी कधी बाजारापलीकडे चालत नाही ती, स्वयंपाक बहिणीवर टाकून. नवे बूट घालून. बूट कधी घेतले? मला दाखवले नाहीत.

१२ मे, संध्याकाळ
दुपारपासून तळघरात त्यांची वाट बघतोय. चव घेऊन वाइन थुंकायची असते. आज एकही घोट थुंकला नाही.

१२ मे, रात्र
दिवेलागणीला आले. मला वाटलं होतं, रडत येतील. गात आले. ओदिलचे केस सुटलेले, नवे बूट वाउटरच्या हातात, ती अनवाणी. पाय भरून आले असतील बिचारीचे.

१३ मे
गेस्टहाउसभर त्याच वाटेचं कौतुक. मला सांगताही येत नाही की ती माझी कल्पना. ओदिल भांडी विसळता विसळता म्हणाली, "इतकी वर्षं डोंगरात हिंडतोस. मला तिकडे एकदाही का नाही नेलंस?"
मी म्हणालो, तू कधी म्हणालीच नाहीस.
"मी म्हणायचं होतं?" म्हणाली, आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.
नीट झोप लागली नाही. वाइन जास्त झाली होती.

२९ मे
वाउटरनं गाईडची खोली सोडली. गावात दुसरीकडे घेतली असावी. त्याचे बूट मात्र रोज सकाळी ओदिलच्या दाराशी दिसतात. विसरभोळा आहे.

१३ जून
ओदिलला त्या वाटेवर पक्क्या खुणा हव्यात. रविवारी ती आणि वाउटर पुन्हा जाणार आहेत, दोघंच. काम अर्थातच माझं. बरोबर आहे, इतका भरवसा ती दुसऱ्या कुणावर ठेवत नाही.

१४ जून
रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेलो. दगड थोडेच आहेत. पुढे चेस्टनटच्या झाडांची गर्द सावली, खाली ओढा, पलीकडे मळे आणि अगदी टोकाला समुद्र. ओढ्याकाठी एक सपाट दगड, दोघांना बसता येईल एवढा. बसलो. फार वाईट वाटलं.
तिला इथे आणलं असतं तर लग्नाचं विचारायचीही गरज पडली नसती.
मग उठलो आणि पुढच्या झाडावर रेघ मारली. जरा ठळकच मारली. रविवारी ती चुकायला नको.