आमेनच्या आधी

पप्पा, आमेन म्हणायला आता घरात कोणी नाही. हे जाऊन दोन पावसाळे झाले, मुलगा बंगलोरला असतो आणि रविवारी फोन करतो. सात वाजले की मी अजूनही पंखा बंद करते, कारण तुम्ही करायचात, आणि जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसते. डोळे मिटते. “हे प्रभू” इथवर मोठ्याने होतं, पुढचं सगळं मनात. रिकाम्या घरात एकट्या बाईने मोठमोठ्याने बोलायचं म्हणजे विचित्रच वाटतं, तुम्ही काहीही म्हणा. एकदा नेट लावून पूर्ण प्रार्थना मोठ्याने केली आणि आमेन म्हणून थांबले, तर उत्तर म्हणून फ्रिज घरघरायला लागला. मला हसू आलं. मग बरोबर हसायला कोणी नाही म्हणून राग आला, आणि त्या रागात मी जेवले.

समोरच्या दारात मात्र सदा जत्रा. वहिनी, त्यांचा मुलगा, सून, नातू. संगमेश्वरकडची माणसं, पण डोंबिवलीत आमच्याही आधी आलेली. बरोब्बर सातला त्यांच्याकडे सीरियल लागते, कुकर शिट्ट्या मारतो, नातू कशावरून तरी भोकाड पसरतो. मी डोळे मिटून बसलेली असते आणि कान तिकडे. अशा वेळी मनात जे येतं त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही. हेवा म्हणतात त्याला. भरल्या घरातल्या बाईचा हेवा. या वयात, आणि तोही डोळे मिटून.

तुम्हाला गंमत वाटेल, चर्चच्या मंडळीत माझं नाव आहे ते प्रार्थनेबद्दलच. कोणाचं ऑपरेशन असो, कोणाच्या मुलीचं लग्न जमत नसो, पाळक माझ्याकडे बघतात आणि मी सुरू होते. शब्द कसे झरझर येतात. बायका डोळे पुसतात, नंतर हात हातात घेऊन म्हणतात, “किती छान करता हो तुम्ही.” मग विचारतात, “आणि तुम्ही कशा आहात?” मी म्हणते, प्रभूच्या कृपेने अगदी मजेत. विश्वासणाऱ्याने उदास राहायचं नसतं असं त्यांच्यातली एक नेहमी सांगते, आणि मी मान डोलावते. तुम्ही तिथे असतात तर माझ्या एकाही प्रार्थनेला आमेन म्हटलं नसतंत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

कोपरीच्या त्या दोन खोल्या मला आता जास्त आठवतात. तुम्ही डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्यातून घरी यायचात, मोरीत हात घासघासून धुवायचात, तरी नखांच्या कडेला रंग राहायचाच. आज निळा, उद्या किरमिजी. सातला चटई अंथरली जायची, आई, आत्या, मी आणि भाऊ गोल करून बसायचो. एक डोळा किलकिला करून तुमच्या जोडलेल्या हातांकडे बघायचं आणि आज कारखान्यात कुठला रंग निघाला ते ओळखायचं, हा आम्हा भावंडांचा खेळ. तुम्हाला तो माहीत असणार, कारण “आमेनशिवाय डोळे उघडायचे नाहीत” हे तुम्ही रोज आमच्याकडेच तोंड करून सांगायचात.

आईचं आणि आत्याचं पटत नव्हतं. पण एका घरात नणंद-भावजय तोंडावर कशा भांडणार, म्हणून त्या प्रार्थनेत भांडायच्या. आई डोळे मिटून अगदी शांतपणे म्हणायची, “प्रभू, ज्यांना माझ्या हातची आमटी खारट लागते त्यांच्या जिभेला तू आराम दे.” मग आत्याची पाळी. “प्रभू, या घरात ज्यांना ज्यांना नम्रता कमी पडते त्यांना ती भरपूर दे.” आम्ही दोघं हसू दाबून लालबुंद. एका संध्याकाळी आईचं बोलून झालं आणि तुम्ही आमेन म्हटलंच नाहीत. सगळे डोळे मिटून ताटकळत बसलो. “देवाकडे दुसऱ्याच्या चुगल्या करायच्या नाहीत,” तुम्ही म्हणालात. “त्याला दिसतंय सगळं. तुला काय होतंय तेवढं सांग.” आईच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे ती रागावली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “दिवसभर राबते आणि कोणी बरं म्हणत नाही. त्याचा त्रास होतो मला.” त्यावर पहिलं आमेन आलं ते आत्याचं. त्याने भांडणं काही थांबली नाहीत, पण आमटीवरून नंतर कोणी बोललं नाही.

माझी पाळीही आलीच. गॅदरिंगच्या नाचातून बाईंनी मला काढलं आणि दुसऱ्या मुलीला घेतलं. मी प्रार्थनेत मागितलं, “प्रभू, तिचा पाय मुरगळू दे. फार नको, गॅदरिंगपुरता.” झालं. तुमचं आमेन नाही. भात निवतोय, गुडघे दुखतायत. भाऊ कुरकुरला, “पप्पा, भूक लागली.” तुम्ही म्हणालात, “ताईचं अजून सांगून झालं नाही.” मी हट्टी, तोंडाला कुलूप लावून बसले. कोणी रागावत नाही, कोणी समजावत नाही, सगळे नुसते थांबलेत. शेवटी मला रडू फुटलं आणि मी म्हटलं, “सगळ्यांसमोर काढलं मला. मला लाज वाटली.” तुमचं आमेन एवढं मोठं आलं की शेजारच्या खोलीतल्या आजींनी काय झालं म्हणून विचारलं. जेवताना तुमच्या ताटातला बोंबलाचा तुकडा माझ्या ताटात आला. ती मुलगी शाबूत पायांनी छान नाचली, मला पुन्हा वाईट वाटलं, आणि तेही मी दुसऱ्या दिवशी चटईवर सांगून टाकलं.

आणि मग ती संध्याकाळ, तुमच्या शेजारच्या कारखान्यात बॉयलर फुटला होता तेव्हाची. तुम्ही उशिरा येता, केसांत, भुवयांवर सिमेंटची धूळ. आई दारातच रडायला लागते, आत्या चहा पुढे करते, तुम्ही तो घेत नाही. पंखा बंद करता आणि खाली बसता. मला वाटतं आता तुम्ही वाचल्याबद्दल देवाचे आभार मानणार. तुम्ही म्हणता, “प्रभू, मला भीती वाटते. उद्या परत तिथंच जायचंय.” बस, एवढंच. बाप घाबरतो हे मला त्या दिवशी कळलं. मी एकदाही डोळे किलकिले केले नाहीत, नखांचा रंग बघितला नाही. आईचं आमेन आलं, आत्याचं आलं, भावाचं आणि माझं एकदम आलं. सकाळी तुम्ही डबा घेऊन नेहमीसारखे निघालात. भीती गेली नसणारच, पण ती घरातल्या सगळ्यांना माहीत होती. देव ऐकतो यावर माझा विश्वास आहे, पप्पा, तो कधीच डळमळला नाही. पण देव आमेन म्हणत नाही. ते माणसांना म्हणावं लागतं, आणि माझी माणसं एकेक करून गेली.

गेल्या मंगळवारी सातच्या सुमाराला बेल वाजली. दारात समोरच्या वहिनी, गाउनवर ओढणी आणि हातात कोथिंबिरीची जुडी. “ओ ताई, बसू का जरा? खाली कोथिंबीर घ्यायला गेलेली मी आणि लॅच लागला ना. मोबाईल पण आत. पोरगा येईल आता, सून क्लासवरून नातवाला घेऊन येईल.” मी म्हटलं बसा, पाणी देते. त्या म्हणाल्या, “पाणी राहू द्या. तुमची प्रार्थनेची वेळ ना ही? करा की तुम्ही. मी बसते गप.” आता आली का पंचाईत. मी पंखा बंद केला तशी त्यांनी वर बघितलं, पण विचारलं काही नाही. ओढणी डोक्यावरून घेतली, जुडी मांडीवर ठेवली, हात जोडले आणि डोळे मिटले.

श्रोता मिळाल्यावर मी काय सोडते. देशासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, आमच्या इमारतीतल्या सगळ्यांसाठी मागितलं. शब्द झरझर आले. “समोरच्या घरावर तुझी कृपा राहो,” असं म्हटलं आणि अडले. समोरच्या घरातून आवाज येत नव्हता. सीरियल नाही, शिट्टी नाही, काही नाही. इतकी शांतता या मजल्यावर मी कधी ऐकली नव्हती. पुढचा शब्द सापडेना. बाई समोर ताटकळतेय हे कळत होतं, आणि मला आपला निवणारा भात आठवला. मग मी ते म्हटलं, मोठ्याने. “प्रभू, संध्याकाळी मला फार एकटं वाटतं. समोरच्या घरातले आवाज ऐकून मला हेवा वाटतो.”

माझे कान तापले. त्यांच्यासमोर त्यांच्याच घराबद्दल. आमेन कधी म्हणायचं ते त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मग हळूच आवाज आला, “मला पण.”

मी डोळे उघडले. त्यांचे मिटलेलेच होते, हात जोडलेले, गालावरून पाणी. त्या बोलत राहिल्या, माझ्याशी की त्याच्याशी कोण जाणे. “ते लोक घरी आले की आपापल्या मोबाईलमध्ये. बोललं की हं म्हणतात. टीव्ही मीच लावून ठेवते, घरात कोणीतरी बोलतंय असं वाटायला.” मग डोळे पुसून म्हणाल्या, “झाली का तुमची?” मी म्हटलं, झाली. उठून चहा टाकला.

ती झाली नव्हती, पप्पा. आमेन कोणीच म्हटलं नव्हतं आणि मी डोळे उघडले होते. हे तुम्हाला सांगायला लिहायला बसले. पाठवायला पत्ता नाही हे मला कळतं, पण लिहिताना मी ओठ हलवत होते, म्हणजे मोठ्यानेच बोलत होते. काल सातला वहिनी पुन्हा आल्या. लॅच लागलेला नव्हता, किल्ली त्यांच्या हातात होती. मी पंखा बंद केला, दोघी बसलो, थोडं त्यांनी सांगितलं, थोडं मी. आमेन कालही म्हटलं नाही. ते म्हटलं की प्रार्थना संपणार, आणि संपली की त्या उठून जाणार. मला त्याची भीती वाटते. हे मी प्रभूला अजून सांगितलेलं नाही, आधी तुम्हाला सांगतेय.