गेट पाडल्याची वेळ

प्रिय ताई,

आधीची दोन पत्रं तू न उघडताच परत पाठवलीस, म्हणून या वेळी पाकिटावरचा पत्ता ऑफिसातल्या शिपायाकडून लिहून घेतला आणि पाकीट आजच त्याच्या हाती पाठवतेय. तेवढी लबाडी पोटात घाल. मला परत जवळ कर म्हणून मी लिहीत नाही. वाचून झालं की फाडून टाक, पण शेवटपर्यंत वाच.

मी पुन्हा कामावर जाते. कंट्रोल रूममधलं टेबल तेच, खुर्ची तीच. खाली पावसाच्या पाण्याच्या टाकीतला गाळ काढायचं काम पुराला पाच महिने झाले तरी संपलेलं नाही. वर शाळेच्या मैदानात मुलं चेंडू खेळतात. आपल्या पायाखाली सहा मजले मावतील एवढी पोकळी आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. तुम्ही दोघं ती बघायला आला होतात, आठवतं? तू अर्ध्या जिन्यातूनच माघारी फिरलीस, म्हणालीस, पाताळात जायची मला घाई नाही. भावोजी मात्र तळापर्यंत आले. खांबांमध्ये उभं राहून हाका मारल्या, आवाज घुमून परत आला की लहान मुलासारखे हसायचे. मग पंपघरातल्या फिटरमामांना गाठून पंपाबद्दल शंभर प्रश्न. शिलाई मशिनी दुरुस्त करणारा माणूस, कुठलंही यंत्र उघडं दिसलं की त्यांचा हात आत गेलाच. मामा मला म्हणाले, "मॅडम, यांना इथंच ठेवून घ्या, तिसरा पंप तरी सुरू होईल." तिसरा पंप तेव्हाही बंद होता, आजही बंदच आहे. सुटा भाग यायचाय म्हणतात.

भावोजी चारचौघांत सांगायचे, मेव्हणीचं पोट पाण्यावर चालतं आणि माझा धंदा पाण्यात जातो. बाजाराच्या तळघरातलं दुकान, भिंतीला बारा महिने ओल. हसायचो आपण.

त्या दिवसाचं तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या बाजूने एकदा ऐक. पूर्वेकडच्या सगळ्या गटारांचं पाणी एकाच गेटातून आमच्या टाकीत येतं आणि पंप ते उपसून नदीत टाकतात. नियम सरळ आहे. टाकीतलं पाणी अठरा मीटरच्या खुणेला लागलं की गेट पाडायचं. मग पूर्वेच्या रस्त्यांवर, तुमच्या बाजारातही, पाणी चढतं, पण पंप वाचतात, आणि पंप वाचले तर बाकीचं शहर वाचतं. हा नियम मी नवीन पोरांना शिकवते. परीक्षेत विचारते.

दोन चाळीसला मी भावोजींना फोन केला. म्हटलं, दुकान सोडा आणि वर या, आजची लक्षणं बरी नाहीत. ते म्हणाले, "अगं, लोकांच्या मशिनी आहेत. माझ्या असत्या तर केव्हाच निघालो असतो. तेवढ्या टेबलावर चढवतो, दहा मिनिटांत वर येतो." मी त्यांच्यावर ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. त्यानंतर फोन लागलाच नाही.

मग हॉस्पिटलच्या दारात तू मला अडवलंस. तुझ्या अंगावर कुणाचं तरी स्वेटर होतं, पाय चिखलाने माखलेले. तू एवढंच विचारलंस, "गेट तूच पाडलंस ना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात वेळही आली, तीन वाजून वीस मिनिटं, नियमाप्रमाणे. साहेबांनी माझी पाठ थोपटली. पंपघरात पाणी शिरून फिटरमामा गेले, त्याबद्दल अहवालात लिहिलंय की गेट वेळेवर पडलं होतं, मामाच सूचना मिळूनही वर आले नाहीत.

ताई, ती वेळ खोटी आहे. संगणकाची वीज गेली होती, नोंदी हाताने चालल्या होत्या. तीन वीसला पाणी खुणेला लागलं हे खरं, पण गेट मी तीन एकतीसला पाडलं. अकरा मिनिटं खटक्यावर हात ठेवून बसले होते. दुसऱ्या हाताने भावोजींचा नंबर फिरवत होते. वाटत होतं, आत्ता ते जिन्यात असतील, आत्ता रस्त्यावर आले असतील. खालून मामांचा फोन आला, "मॅडम, अठरा झाले ना? केबलच्या भोकातून पाणी येतंय." ते भोक बुजवा म्हणून आम्ही दोनदा लिहून दिलं होतं. मी म्हटलं, "मामा, दोनच मिनिटं." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. "बरं, तोवर मी हा पंप धरून ठेवतो," म्हणाले. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा नुसता पाण्याचा आवाज होता. तेव्हा मी गेट पाडलं. पंप बुडाले म्हणूनच शहरात तीन दिवस पाणी राहिलं. संध्याकाळी मी शांत डोक्याने, चांगल्या अक्षरात, रजिस्टरात तीन वीस लिहिलं.

गेल्या आठवड्यात बाजाराच्या जिन्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण चौकशीत दाखवलं. तळघराची मागची भिंत गटारात कोसळली आणि दोन अठ्ठावन्नला पाणी जिन्याच्या वरच्या पायरीला होतं. मी ज्यांच्यासाठी थांबले होते ते माझ्या अकरा मिनिटांच्या आधीच गेलेले होते. गेट पाडलं असतं काय, नसतं काय, त्यांना काहीच फरक पडला नसता.

उद्या अकरा वाजता चौकशीचा शेवटचा दिवस आहे. उद्या कुणी बोललं नाही तर मामांची चूक कायमची कागदावर राहील, म्हणून मी बोलणार आहे. पुढे माझं काय होईल ते होईल, मामा काही परत येत नाहीत. तुला पेपरातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आज दुपारी मामांच्या घरी गेले होते, हेच सांगायला. मामींनी दार उघडलं, खुर्ची पुसून दिली, पाण्याचा पेला हातात दिला. मी काही बोलायच्या आतच त्या मला समजावू लागल्या, "साहेब सांगून गेलेत, चूक आमच्याच माणसाची होती. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." पेला रिकामा करून मी उठले. भावोजींना मी बुडवलं नाही, ताई. ज्यांना बुडवलं, त्यांच्या घरचं पाणी पिऊन, काही न सांगता परत आले.

तुझीच,
धाकटी