भिंतीवरची सिंहीण

९ फेब्रुवारी, रविवार

रक्त नको! सोसायटीच्या मीटिंगमध्ये दीड तास हेच. क्लबहाउसच्या भिंतीवर तीन महिने शिडीवर उभं राहून मी आफ्रिकेचं माळरान रंगवलं — वाळलेलं गवत, जिराफ, मारलेल्या झेब्र्यावर ओणवी सिंहीण. आता सेक्रेटरी आप्पासाहेब म्हणतात, "वहिनी, इथे बारशी होतात, मुंजी होतात. तेवढा झेब्रा काढा. सिंहीण नुसती बसू दे."

"आणि खाईल काय? साबुदाण्याची खिचडी?"

हसले सगळे. ठराव तरीही झालाच — आठवड्यात झेब्रा पुसा, नाहीतर सगळ्या भिंतीला पांढरा रंग.

मी निक्षून सांगितलं, केनियात या डोळ्यांनी पाहिलंय, तसंच काढलंय. साक्षीला नवरा शेजारीच होता. तीन महिने शिडी धरली, ब्रश धुतले — आणि ऐन वेळी अनंतराव चष्मा पुसत बसले.

१० फेब्रुवारी

नाही पुसणार.

१२ फेब्रुवारी

शेजारची नीरजा आली. "झेब्र्याऐवजी कमळाचं तळं कर ना, छान दिसेल." आफ्रिकेच्या माळावर कमळं! चहा न विचारता वाटेला लावली.

अनंतरावांशी बोलणं बंद. त्यांना काही फरक पडलेला दिसत नाही. उलट संध्याकाळचं फिरणं लांबलंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कोणीतरी माझ्या चित्राला हात लावला! झेब्रा गेला. सिंहीणही जवळजवळ गेली — समोर काटेरी झुडूप, फटीतून फक्त एक कान आणि शेपटीचा गोंडा. आप्पासाहेब खूश. "वहिनी, शेवटी ऐकलंत!" मी? त्यांनाच चार शब्द ऐकवून आले.

दुपारी पॉलिश पेपर घेऊन गेले, सगळं खरवडून काढायला. जवळून पाहिलं. काटे पांढरे, जोडीजोडीने, केनियात असतात तसे. ऊन माझ्या चित्रात ज्या बाजूने येतं, त्याच बाजूने पडलेलं. या सोसायटीत कोणाला येतं हे?

पॉलिश पेपर तसाच परत आणला.

१६ फेब्रुवारी, रविवार

अनंतरावांच्या नखात पांढरा रंग.

"तुम्ही?"

"दोन तास जीपमध्ये बसलो होतो आपण," ते म्हणाले. "झुडपातून एवढंच दिसलं होतं, कान आणि गोंडा. झेब्रा तू नंतर पुस्तकातून घेतलास."

खरं आहे. केनियाहून आल्यापासून सहा वर्षं मी येईल त्याला तो झेब्रा सांगत आले. आणि हे दर वेळी शेजारी बसून चष्मा पुसत होते.