नवा कॅमेरा कोणाच्या हातात

नेपरव्हिल,
२६ जानेवारी २०२५

चि. सोनलला,
जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोन असताना काका-पुतणी पत्रं कशाला लिहितात, असं कुशल विचारतो म्हणालीस. तुझ्या नवऱ्याला सांग, तू नागपूरला शाळेत होतीस तेव्हापासून हा काका तुला अमेरिकेतून पत्रं लिहितो आहे. तू जर्सी सिटीत राहायला आलीस म्हणून काही ती सवय मोडायची नाही.

इकडे बर्फ भरपूर आहे. त्याहून मोठी बातमी म्हणजे आपल्या मंडळाने अखेर जागा घेतली. गावाबाहेर मक्याच्या शेतांना लागून एक लहानसं विटांचं चर्च विकायला निघालं होतं. आता तिथे आपला विहार होणार, आणि उद्घाटन बुद्धपौर्णिमेला. कमिटीला भिंतींवर लावायला मोठे फोटो हवे आहेत. इमारतीचे, भोवतालच्या शेतांचे, आणि ज्यांनी या भागात आपली माणसं पहिल्यांदा एकत्र आणली त्या वडीलधाऱ्यांचे. ते माझ्याकडे आले होते. मी नाही म्हटलं आणि तुझं नाव सांगितलं.

त्यातही गजभिये आजींचा फोटो सगळ्यात आधी व्हायला हवा. त्या शिकागोत नर्स होत्या आणि मंडळाची पहिली वंदना त्यांच्याच बेसमेंटमध्ये झाली, हे तुला माहीतच आहे. एप्रिल संपताना त्या मुलीकडे कॅलिफोर्नियाला कायमच्या जाताहेत.

तुझा कॅमेरा कॉलेजातला आहे. भिंतीएवढा फोटो त्याला झेपणार नाही. नवीन बॉडी घे. नुसती बॉडी, लेन्स माझ्या कपाटात आहेत, त्या वापर.

कुशलला जयभीम. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
पंडितकाका


जर्सी सिटी,
९ फेब्रुवारी २०२५

ती. काकांना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

विहाराची बातमी वाचून मी कुशलला ऑफिसात फोन करून सांगितलं. तो मीटिंगमध्ये होता, तरी त्याला आनंद झाला असं त्याने आवाज खाली करून कळवलं.

पण काका, मला भीतीही वाटते आहे. मंडळाच्या प्रत्येक जयंतीचे, प्रत्येक लग्नाचे फोटो तुम्ही काढलेत. लहानपणी तुम्ही पाठवलेला शिकागोच्या इमारतींचा फोटो मी वहीत चिकटवून ठेवला होता, आणि माझ्या हातात कॅमेरा आला तो त्यामुळे. तुम्ही तिथे असताना मी काढायचे, हे मला पटत नाही. कारण तुम्ही लिहिलं नाहीत. हल्ली पत्रंही टाइप करून पाठवता. तुमचं ते इंजिनिअरचं सरळ अक्षर पाहून बरेच महिने झाले. रिटायर झाल्यावर माणसाला वेळ मिळतो असं मी ऐकलं होतं.

आता कॅमेऱ्याचं. दुकानात गेले आणि डोकं गरगरलं. दोन बॉडी मनात भरल्या आहेत, दोन्ही तुमच्या कॅमेऱ्याच्याच कंपनीच्या. पहिलीत मेगापिक्सेल भरपूर, म्हणजे शेतातलं कणीससुद्धा मोजता येईल, पण ती वजनदार आहे. दुसरी हलकी. तिच्यात मेगापिक्सेल कमी, पण हाताचा हादरा आतल्या आत सावरून घ्यायची सोय चांगली आहे आणि मागचा स्क्रीन वर उघडतो. इमारत, निसर्ग आणि माणसं या तिन्हींसाठी एकच घ्यायची तर कुठली?

काकूंना नमस्कार. तुमच्या उत्तराची आणि नेहमीच्या रागावण्याची वाट पाहते.
तुमची,
सोनल


नेपरव्हिल,
२० फेब्रुवारी २०२५

चि. सोनलला,
जयभीम, आशीर्वाद.

पहिली घे. इमारतीच्या फोटोत विटेची कड दिसली पाहिजे आणि शेताच्या फोटोत क्षितिजापर्यंतचं सगळं. तिथे मेगापिक्सेल कामाला येतात. हादरा सावरणाऱ्या सोयीचं मला कौतुक नाही. इमारत आणि शेत ट्रायपॉडवरून काढायचं असतं, आणि ट्रायपॉड काही थरथरत नाही. वजनाची तक्रारही करू नकोस. जड कॅमेरा हातात स्थिर राहतो, हलका वाऱ्यासारखा हलतो. हे साधं भौतिकशास्त्र आहे.

पोर्ट्रेटसाठी मात्र तू निवडलेल्या दोन्ही बॉडी चांगल्या आहेत. समोरच्याचा डोळा स्वतःच शोधून त्यावर फोकस ठेवतात म्हणे. आमच्या वेळी ते काम आमचं होतं.

मी का काढत नाही, हा विषय पुरे. नव्या लोकांनी पुढे यायला हवं. टायपिंगचं म्हणशील तर कॉम्प्युटर घरात पडून होता, वापरतो झालं.

गजभिये आजी मात्र हटून बसल्या आहेत. फोटो काढून घेईन तर पंडितकडूनच, नाहीतर भिंत रिकामी ठेवा, असं त्यांनी कमिटीला सांगितलं. तू आलीस की त्यांना समजाव. तुझं ऐकतील.

खुशाली कळवत राहा, आणि आम्हाला विसरू नका.
तुझा,
पंडितकाका


नेपरव्हिल,
१ मार्च २०२५

प्रिय सोनल बेटा,
जयभीम. खूप खूप आशीर्वाद.

मी काही तुझ्या काकांसारखी पत्रं लिहीत नाही, पण हे फोनवर सांगितलं तर बाजूच्या खोलीत त्यांना ऐकू जाईल.

बेटा, त्यांचे हात कापतात. मागच्या उन्हाळ्यापासून. आधी चहाचा कप वाजायचा, मग सही बिघडली. मी जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाली की हा पार्किन्सन्स नाही, घाबरायचं कारण नाही, नुसता हातांचा कंप आहे. पण तो राहील. गोळी दिली, तिने थोडा फरक पडला. हात टेकलेले असले की बरे असतात, वर उचलून धरले की जास्त कापतात. ऑक्टोबरमध्ये एका बारशाचे फोटो काढायला गेले आणि सगळे हललेले आले. त्या दिवसापासून कॅमेरा कपाटात आहे. कपाट मी पुसायला उघडलं तरी त्यांना आवडत नाही.

मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. तुझ्या पत्रातलं ते हादरा सावरायचं त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग आपल्या हातांकडे बघत बसले. म्हणून लिहिते. कॅमेरा तुझ्यासाठीच घे, तुझ्या मनाजोगा घे. पण निवडताना त्यांचे हात तेवढे लक्षात ठेव.

मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नकोस. तुझी आणि कुशलची रोज आठवण येते, ती तिकडेही येत राहो.
तुझी,
रत्नाकाकू


जर्सी सिटी,
१६ मार्च २०२५

ती. काकांना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मी दुसरी बॉडी घेतली. रागवायच्या आधी पुढचं वाचा.

दोन्ही एका वीकएंडपुरत्या भाड्याने आणल्या होत्या. हडसनच्या काठावर उभं राहून पलीकडचं मॅनहॅटन दोन्हींवर काढलं आणि फोटो मोठे छापून घेतले. भिंतीवर लावून चार पावलं मागे गेलं की फरक दिसत नाही. अगदी नाक लावलं तर दिसतो, पण विहारात लोक नाक लावून फोटो बघणार नाहीत. मग कुशलला खिडकीशी बसवलं. हा प्रयोग अवघड गेला, कारण तो फोटोत नेहमी पासपोर्ट काढायला आल्यासारखा बसतो. जड कॅमेऱ्याने पहिले काही फोटो छान आले. नंतर माझे हात भरून आले आणि पुढचे हलले. जड कॅमेरा स्थिर राहतो हे तुमचं म्हणणं खरं आहे, काका, पण हात थकेपर्यंतच. हलक्याने मी कितीतरी वेळ काढत राहिले. शेवटी कुशल बोलायला लागला, हसायला लागला, आणि तेव्हाचे फोटो त्याचे स्वतःचे वाटतात.

इमारतीसाठी मी ट्रायपॉड आणतेच आहे. एप्रिलच्या पहिल्या वीकएंडचं तिकीट काढलं आहे. तुमच्या लेन्स त्या बॉडीला जोडायचं अडॅप्टरही घेतलं. चर्चच्या भिंती सरळ दिसतात की नाही ते तुम्हीच बघा, माझ्या फोटोत इमारती नेहमी मागे रेलतात.

काकूंना सांगा, येताना आयसेलिनच्या देशी दुकानांतून त्यांच्या आवडीची शेवचिवड्याची पाकिटं आणते. तुमचा लोभ आहेच, तो कॅमेऱ्यावरून कमी करू नका.
तुमची,
सोनल


जर्सी सिटी,
९ एप्रिल २०२५

ती. काकूंना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले. तुम्ही शेवटच्या दिवशी गजभिये आजींचं सामान बांधायला गेला होतात, म्हणून तुमच्या माघारी काय झालं ते लिहिते.

सकाळी विहारावर काका अगदी पूर्वीसारखे होते. ट्रायपॉड कुठे लावायचा, ऊन विटांवर केव्हा तिरपं येईल, सगळं तेच सांगत होते. मागे रेलणाऱ्या भिंती त्यांनी मला रस्त्यापलीकडे नेऊन सरळ करून दिल्या. शेतात अजून काही उगवलेलं नाही, तरी त्या काळ्या रानावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या आणि काका म्हणाले की थांब, सावली चर्चच्या मागे जाऊ दे. तो फोटो तुम्ही पाहालच.

मग मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. म्हटलं, माझा एक काढा. त्यांनी डोळ्याला लावला आणि हात कापायला लागले. फोटो पाहिला तर तो बऱ्यापैकी स्वच्छ आला होता. पण त्यांनी फोटोकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मला आश्चर्य वाटलं नव्हतं, यावरून त्यांना सगळं समजलं. रत्नाने लिहिलं ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. मला खोटं बोलता आलं नाही, काकू, माफ करा. मग त्यांनी विचारलं की तू कॅमेरा घेतलास की माझ्यासाठी औषध आणलंस. एअरपोर्टवर मी गाडीतून उतरताना त्यांनी फक्त पाठीवर हात ठेवला.

मला फार वाईट वाटतं आहे. त्यांच्या मनाला लागेल असं करायचं नव्हतं. कॅमेरा मुद्दाम तिथेच ठेवला आहे, लेन्सच्या कपाटात. त्यांनी उघडलं तर उघडलं. नाहीतर आजी निघण्याआधी मी पुन्हा येईन आणि, या वेळी त्या मला नाही म्हणाल्या असल्या तरी, पाया पडून एक फोटो मागेन.

तब्येत सांभाळा, आणि या वेड्या पुतणीला जवळ धरून राहा.
तुमची,
सोनल


नेपरव्हिल,
२७ एप्रिल २०२५

चि. सोनलला,
जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

तू गेल्यावर मी बरेच दिवस फुगून होतो. तुझ्यावर नाही आणि रत्नावरही नाही. आपले हात आपलं ऐकत नाहीत याचा राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांवर थोडा थोडा काढला.

मग एका सकाळी लेन्सला बुरशी तर लागली नाही, हे बघायच्या निमित्ताने कपाट उघडलं. कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा तेच. तेव्हा इंजिनिअरसारखा विचार केला. तुळई जिथे झुकते तिथे आपण खांब देतो. मी पट्टा गळ्यात घातला, कोपरं बरगड्यांना टेकवली, कॅमेरा पोटाशी धरला आणि स्क्रीन वर उघडून त्यात बघितलं. हात टेकलेले असले की बरे असतात. उरलेला हादरा कॅमेऱ्याने बराचसा सावरला. शटर जलद ठेवला, फोटो थोडा दाणेदार आला तर येऊ दिला. आठवडाभर घरातल्या कुंड्यांचे फोटो काढले. पुष्कळ हलले, पण पुष्कळ चांगलेही आले.

काल गजभिये आजींकडे गेलो. घर अर्धं खोक्यांत होतं. त्यांना खिडकीशी बसवलं. इतकी वर्षं माझा चेहरा कॅमेऱ्यामागे असायचा आणि एक डोळा मिटलेला. काल कॅमेरा पोटाशी होता आणि मी सरळ त्यांच्याकडे बघत होतो. डोळा शोधायचं काम यंत्र करत होतं, त्यामुळे मी मोकळा होतो. त्या पहिल्या वंदनेबद्दल विचारलं. त्या सांगायला लागल्या: बेसमेंटमध्ये हीटर नव्हता, सगळे कोट घालून बसले होते, आणि एक बाळ होतं त्याला मधोमध ठेवलं होतं म्हणजे ऊब मिळेल. मी ऐकत होतो आणि बोटाने बटण दाबत होतो. माझे हात कापताहेत हे त्यांनी पाहिलं. नर्सच त्या. त्यांनी फक्त बोलण्याचा वेग जरा कमी केला.

फोटो दाखवला तेव्हा म्हणाल्या की बाकीच्या फोटोंत मी फोटो संपायची वाट बघत असते, यात मी कुणाशी तरी बोलते आहे. एक प्रत मुलीकडे नेणार आहेत. मोठी प्रत तुझ्या शेताच्या फोटोशेजारी लागेल.

तुझा कॅमेरा कुरिअरने परत पाठवतो आहे. नाराज होऊ नकोस, मी तसाच दुसरा मागवला आहे. मेगापिक्सेलबाबत तुझं पूर्ण पटलेलं नाही, पण ते भांडण समोरासमोर करू. बुद्धपौर्णिमेला दोघंही या. कुशलला म्हणावं, पासपोर्टसारखा बसलास तरी चालेल, मी बोलतं करतो.

रत्नाला आजींचा फोटो दाखवला. ती आत गेली आणि हिरवी साडी नेसून आली. आता खिडकीशी खुर्ची ओढून बसली आहे आणि मी पत्र कधी संपवतो ते बघते आहे. ऊन चांगलं आहे. तुम्हा दोघांना जीव लावून असलेला,

पंडितकाका