मॅडम, बेसिन आणि दुपारचे थेंब

३ जून, सोमवार
रजा मंजूर. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं. बायकोची रजा संपली, तेव्हा ती म्हणाली, सकाळ-संध्याकाळ डोळ्यात थेंब मी घालीन, दुपारी दोन वेळचे तेवढे तू घाल. म्हटलं, हे काय सांगायला हवं? बाप आहे माझा.
फावल्या वेळात मॅडमवर लिहायचं. मॅडम म्हणजे टीव्हीवरच्या खुनांचा तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर. चॅनेलने मालिका मध्येच गुंडाळली. पुढचे भाग आम्ही चाहतेच एका साइटवर लिहितो. मी मॅडमना एक सहायक दिलाय. शांत, बुद्धिमान, किंचित टक्कल. कुणावरही बेतलेला नाही.

४ जून
थेंब घातले. दुसऱ्या वेळचे जरा उशिरा. मॅडम प्रेतापाशी वाकल्या होत्या, अशा वेळी त्यांना एकटं सोडून उठता येत नाही.

५ जून
दोन्ही वेळा राहिले. बाबा झोपले होते आणि झोपलेल्या पेशंटला उठवू नये. बायको रोज संध्याकाळी बाटली उजेडात धरून बघते, हे ध्यानात नव्हतं. म्हटलं, मी जपून घालतो. तिने बाटली पुन्हा एकदा उजेडात धरली. फार अपराधी वाटतंय. उद्यापासून मोबाइलला अलार्म.

६ जून
अलार्म वाजला. वाक्य अर्धं होतं म्हणून बंद केला.
बायको यायच्या आत दुपारचे थेंब बेसिनमध्ये टाकले आणि नळ सोडला. बाटलीचं झाकण दोनदा खाली पडलं. म्हणजे मी मुळात गुन्हेगार वृत्तीचा नाही. तेवढंच समाधान.

८ जून
बेसिन रोजचंच झालंय. अन्न गोड लागत नाही. आज दोनदा वाढून घेतलं, तरी नाही.
भरपाई म्हणून बाबांना माझी कथा वाचून दाखवायला लागलो. दुसऱ्या डोळ्याने त्यांना धूसरच दिसतं, तेवढाच विरंगुळा. म्हणाले, चांगलं लिहितोस, पण तुझा तो सहायक कधीच कसा चुकत नाही? बाबांना साहित्यातलं फारसं कळत नाही.

१० जून
झकास प्लॉट सुचला. एका म्हाताऱ्याचं हृदयाचं औषध त्याची नर्स रोज बेसिनमध्ये ओतते. कुठून सुचलं कोण जाणे. बाबांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं. पण मॅडमना हे कळतं कसं, इथे घोडं अडलंय. बाटली बरोबर रिकामी होते, साक्षीदार कुणी नाही. साइटवर एक बाई पुढच्या भागासाठी सारखी मागे लागली आहे.
बाबांचा डोळा लाल दिसतोय. उन्हाने असेल. ते बाहेर पडलेले नाहीत, पण ऊन आत येतंच की.

१२ जून
सकाळी डॉक्टरीणबाईंकडे. म्हणाल्या, आत सूज आहे, थेंब चुकले का? मी खरं सांगणारच होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बाबा म्हणाले, "नाही हो. मुलगा दिवसभर घरीच असतो."
थेंब बदलून दिले. सूज उतरली नाही तर नजर अधू राहील म्हणाल्या. घरी येईपर्यंत बाबांकडे बघवेना.
दुपारी त्यांनीच विचारलं, त्या नर्सचं पुढे काय झालं? म्हटलं, अडलंय, मॅडमना पुरावाच मिळत नाहीये.
"म्हातारा झोपलेला नसतो," बाबा म्हणाले. "पडल्या पडल्या रोज नळ ऐकतो. आणि त्याचा डोळा कोरडाच असतो."
कथेतलं औषध हृदयाचं आहे, हे सांगणार होतो. त्याऐवजी विचारलं, मग तो बोलत का नाही?
"त्याला रोज वाटतं, आज येईल."

१३ जून
आता चूक नाही. बायकोलाही सगळं सांगायचं. तिचा मूड बघून.
बाबांनी सांगितलेला शेवट साइटवर टाकला. त्या बाईने लगेच लिहिलं, आजवरचा सर्वांत उत्तम भाग, तो जागा म्हातारा तुम्हाला सुचला तरी कसा? उत्तर लिहायला घेतलं: निरीक्षण हा माझा मूळचाच
अलार्म वाजला. वाक्य तसंच टाकून उठलो.
बाबा काळा चष्मा काढून उताणे पडले होते, डोळा उघडा ठेवून. कधीपासून, ते विचारलं नाही.