आबांच्या शेतावरचं हवामान

मी, सुलक्षणा भिकन भामरे, वय एकसष्ट, मूळ राहणार तालुका साक्री, जिल्हा धुळे, सध्या मुक्काम जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. स्वादुपिंड नाही, पण त्याचा मृत्युपत्राशी संबंध येत नाही, असं डॉ. जीवराम सोनवणे यांनी मला सांगितलं आणि तसा दाखला सोबत जोडला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही असं लिहिण्याची पद्धत आहे. माझ्यावर दबाव आहे. तो माझा धाकटा भाऊ हेमराज याचा आहे आणि तो जुमानायचा नाही म्हणूनच हे लिहायला बसले आहे.

मी लग्न केलं नाही. मला मूलबाळ नाही. वडील भिकन भामरे, म्हणजे आबा, हयात आहेत. त्यांची दृष्टी गेलेली आहे आणि ते तीन वर्षांपासून माझ्याजवळ राहतात. मी त्यांच्या आधी जाणार हे आता उघड आहे.

कलम १. जळगावचा फ्लॅट हेमराजची मुलगी दिपमाला हिला मिळावा. तिच्यावर कसलीही अट नाही. तिने इथे राहावंच असं माझं म्हणणं नाही, उलट गिऱ्हाईक मिळतं आहे तोवर विकून टाकावा. ती साठीची होईल तेव्हा इथल्या मे महिन्यातल्या रात्री कशा असतील ते मी काढून पाहिलेलं आहे. तिला ते आकडे दाखवले नाहीत. तिने विचारले तर सापडतील, पण तिने न विचारलेलं बरं.

कलम २. साक्रीच्या शेतावर माझा जो काही हक्क पुढेमागे येईल तो हेमराजला द्यावा. शेत त्यानेच सांभाळलं आहे. बैल गेले, विहीर आटली, तरी तो वावर सोडून हलला नाही. मी पुण्यात गार खोलीत बसून पृथ्वी चालवत होते. कॉम्प्युटरांना गारवा लागतो म्हणून ती खोली गार ठेवत, आमच्यासाठी नव्हे.

पृथ्वी चालवणं म्हणजे काय, हे वकीलसाहेबांनी विचारलं म्हणून लिहून ठेवते. आम्ही पृथ्वीचं मॉडेल करतो. जमीन, समुद्र, हवा यांच्या चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीत ऊन, वारा, वाफ यांचं गणित पुढे पुढे सोडवत न्यायचं. माझ्या मॉडेलमध्ये जळगाव आणि धुळे मिळून एकच चौकट होती. सातपुडा त्यात सपाट होऊन नुसता एक उंचवटा राहिला होता. मग मॉडेलची परीक्षा घ्यायची, म्हणजे होऊन गेलेली वर्षं त्याला न सांगता त्याच्याकडून काढून घ्यायची आणि प्रत्यक्षातल्या नोंदींशी ताडून पाहायची. मागचं बरोबर आलं तर पुढचं सांगायला तोंड उघडायचं. आयुष्यभर मी हेच केलं, चोख केलं आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. हे विनय म्हणून लिहीत नाही. पृथ्वी आमचे अहवाल न वाचता तापत राहिली, आणि ज्यांनी वाचायचे त्यांनीही वाचले नाहीत.

कलम ३. माझे सहकारी डॉ. ललित चौधरी यांनी निवृत्तीच्या समारंभात मला घातलेली शाल त्यांना परत करावी. जळगावात ती एकदाही लागली नाही. त्यांनी एका अहवालात लिहिलं होतं की भामरे यांचं मॉडेल गरजेपेक्षा जास्त तापतं, सबब सरासरी काढताना ते बाजूला ठेवावं. मी त्यांच्याशी दोन वर्षं बोलले नाही. पण रोज सकाळी मनातून वाटायचं, चौधरी बरोबर ठरोत. माझं मॉडेल खोटं निघावं म्हणून मी मुक्ताईनगरला नवससुद्धा बोलून आले, आता हसायचं तर हसा. आमच्या चौकटीपुरतं तरी ते खोटं निघालं नाही. दर उन्हाळ्यात रात्रीचं तापमान मी काढलेल्या रेघेवर येऊन बसतं, आणि मला आनंद व्हायला हवा तिथे मी आकडा टिपून वही पालथी ठेवते. चौधरींना कळवावं की मी जिंकले आणि मला ते नको होतं.

कलम ४. निळ्या पिशवीतली हार्ड डिस्क. हिच्यावरून घरात भांडण झालं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मॉडेल केलं की त्याची एक फेरी अशीही चालवतात जिच्यात माणसाने काहीच केलेलं नसतं. कारखाने नाहीत, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या नाहीत, हवेतला कार्बन जुन्या काळी होता तेवढाच. असं पाचशे वर्षं चालू द्यायचं. पृथ्वी आपली आपण कशी वागते, ते तुलनेसाठी कळावं म्हणून. आम्ही तिला कंट्रोल रन म्हणतो. तुलना झाली की ती कोणी वाचत नाही. मी मात्र ती घरी आणली.

आबा माझ्याकडे आले तेव्हा रोज दुपारी विचारायचे, "बाई, आपला वावरमा आज हवा कशी शे?" सुरुवातीला मी खरं सांगत होते. पारा किती चढला, वारा कसा भाजतो. ते ऐकून आबा जेवेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि विहिरीत किती पाणी आहे तेच पुन्हा पुन्हा विचारायचे. मग एक दिवस मी कंट्रोल रन उघडली, आमच्या चौकटीतला तो दिवस काढला आणि वाचला, "आबा, ढग शेतस. रातले गारवा व्हई." आबा उठून बसले आणि त्यांनी भाकरी मागितली.

तेव्हापासून रोज तसंच चालत आलं. हेमराज याला खोटं म्हणतो. मी म्हणते, हे सगळं खरं आहे, फक्त आपल्या पृथ्वीचं नाही. कूलरसमोर बसलेल्या आंधळ्या माणसाला तेवढा फरक कशाला कळायला हवा? एकदाच अडचण आली. मॉडेलच्या वर्षात गणित सोपं राहावं म्हणून २९ फेब्रुवारी धरलेलाच नाही, आणि मागच्या लीप वर्षी तो दिवस उगवला. माझ्याकडे वाचायला हवामान नव्हतं. मी म्हणाले, "आज मशीन बंद शे, आबा." आबा म्हणाले, "मंग आज हवा नई का?" आणि कितीतरी वेळ हसत होते.

पण हेमराजने मोठा आव आणू नये. आबांनी त्याला फोनवर सांगितलं, "बाजरी पेरी टाक. बाई सांगस, हवा चांगली शे." बाहेर जमीन भेगाळलेली होती. हेमराज वडिलांना नाही म्हणू शकत नाही, तो म्हणाला, "हा आबा, पेरी टाकं." पेरलं काहीच नव्हतं. मग त्याला कोंभ सांगावे लागले, मग कणसं सांगावी लागली. मग त्याने मला फोन करून झापलं, "अक्का, तू आबाले हाई काय सांगी राह्यनी? आठे जमीन तापीसन तवा व्हई जायेल शे!" मी विचारलं, "मंग तू कणसं भरेल शेतस असं काब्र सांगं?" त्याने फोन ठेवला. आबांच्या शेतात तीन वर्षं एकही पीक बुडालेलं नाही. मी हवा पुरवली आणि हेमराजने पीक.

कलम ५. आता मुद्द्याचं.

माझा रिपोर्ट आला तेव्हा हेमराज जळगावला आला. एवढा मोठा बाप्या माणूस, स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "अक्का, तुन्हं काही बरंवाईट व्हयनं तं आबाले सांगानं नई. बाई परदेशले गयी, असं सांगसूत. दिपमालाना आवाज तुन्हासारखाच शे, ती रोज हवा सांगी."

आमच्याकडे ही रीत आहे, हे मला मान्य आहे. म्हाताऱ्या आईबापांना लेकराचं मरण सांगत नाहीत. आमच्या काकूला तिचा मुलगा गेल्याचं अखेरपर्यंत कळलं नव्हतं, ती त्याच्यासाठी लोणचं भरून ठेवायची. तेव्हा मलाही ते शहाणपणाचं वाटलं होतं.

मी नाही म्हणाले. हेमराज ऐकला नाही. परवा मला घरीच सलाइन लावलेलं होतं आणि मी झोपले आहे असं दोघांना वाटलं. त्याने दिपमालाला आबांच्या खाटेजवळ उभं केलं. तिने माझ्या आवाजात, माझ्याच ढबीत म्हटलं, "आबा, आज आभाळ शे." आबा म्हणाले, "हा बाई. औषध लिधं का तू?" ती म्हणाली, "लिधं." आबा समाधानाने कुशीवर वळले.

आमच्या धंद्यात याला मूल्यमापन म्हणतात. माझ्या जागी दुसरं काही ठेवून पाहिलं आणि वडिलांना फरक कळला नाही. मी चार हात अंतरावर पडून ते ऐकत होते. आजाराचं दुखणं मला सोसतं, हे सोसलं नाही. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही, कारण दोन सुलक्षणा ऐकून आबा घाबरले असते.

दिपमालाचा मला राग नाही. ती नंतर माझे पाय धरून बसली होती. हेमराजचाही नाही. तो बापाला वाचवतो आहे, मीही तेच केलं. पण हवेचं आणि माझं सारखं नाही. साक्रीचं आभाळ कसंही सांगितलं तरी आभाळाला त्याचं काही वाटत नाही. मी आबांची मुलगी आहे. मी गेले तर माझ्यासाठी रडायला या पृथ्वीवर मोजून एक माणूस आहे ज्याने मला अंगाखांद्यावर खेळवलं, आणि त्याचंच रडणं तुम्ही चोरणार? मी मेल्यावर माझं मॉडेल चालवायचं नाही. त्या कंट्रोल रनमध्ये हवा आहे, नद्या आहेत, पण माणूस एकही नाही. तिथे मला ठेवू नका.

म्हणून माझी आज्ञा अशी : माझा देह आबांच्या खाटेशी आणावा. त्यांचा उजवा हात माझ्या कपाळावर ठेवावा आणि त्यांना हवा तेवढा वेळ तो तिथे राहू द्यावा. कोणी काही बोलू नये. आबा पंचाऐंशी वर्षांचे आहेत, गुरं आणि माणसं त्यांनी हातांनी ओळखली आहेत. त्यांना कळेल. त्यांना सोसणार नाही असं हेमराज म्हणतो. कदाचित नाही सोसणार. तेही मी विचारात घेतलं आहे, आणि तरी लिहिते आहे.

हार्ड डिस्क हेमराजला द्यावी. पुढे आबांना कुठली हवा सांगायची ते त्याने ठरवावं. त्याबाबत माझी काही इच्छा नाही.

कलम ६. मृत्युपत्राची अंमलबजावणी दिपमालाने करावी. कूलर आबांसोबत गावी जावा.

वरील सर्व मजकूर मी पूर्ण भानावर असताना लिहिला, साक्षीदारांसमोर वाचून दाखवला आणि खाली सही केली.

सुलक्षणा भिकन भामरे (सही)

साक्षीदार :
१. डॉ. जीवराम सोनवणे, जळगाव (सही)
२. सौ. कामिनी महाजन, शेजारीण (सही)

स्थळ : जळगाव
दिनांक : १४ मे २०२५

वरील मृत्युपत्र मला वाचून दाखवलं. हरकत असल्यास इथे लिहावी असं अक्का म्हणाली, म्हणून लिहितो.
पटनं नई. पन आबाना हात मी ठेवसू.
हेमराज भिकन भामरे (सही)