दोन दारांच्या मधलं वजन

५ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी! दिंडोरी रस्त्यावरचं द्राक्षांचं पॅकहाऊस, खुर्ची एसीच्या अगदी समोर आणि चहा कंपनीचा. आईचा पहिला प्रश्न, द्राक्षं फुकट मिळतात का. माझ्या लेकीने, अंजलीने, चार वर्षांच्या तोऱ्यात बजावलंय, मी घरी आल्याशिवाय ती जेवणार नाही. आम्ही तिघीच घरात, त्यामुळे हुकूम मोडायची सोय नाही.

काम सोपं आहे. काट्यावर पेटी ठेवली की वजन कॉम्प्युटरवर येतं. कुठली पेटी कुठल्या शीतखोलीत, हे आधीचा माणूस एकेक आकडा बघून ठरवायचा. मी गटांचा तक्ता केला, इथून इथपर्यंत पहिला गट, तिथून पुढे दुसरा. आता प्रत्येक वजन आपापल्या गटात आपोआप जाऊन बसतं. मालक ललितसर इतके खूश झाले की शिपायाला हाक न मारता स्वतः चहा सांगायला उठले.

१० फेब्रुवारी
मालकाला खूश करू नये. सरांना आता माणसंही तशीच हवीत. फाटकात मोठा काटा बसवलाय आणि त्यापुढे ओळीने दारं. ज्या गटात तुमचं वजन बसेल ते दार उघडतं, येतानाही आणि जातानाही. संध्याकाळी वेगळं दार उघडलं की झडती. बायका पदरात द्राक्षं नेतात म्हणे! मला मुळीच पटलं नाही, पण तक्ता मीच केला. ४९.९ पर्यंत पहिलं दार, ५० ते ५४.९ दुसरं, ५५ ते ५९.९ तिसरं, असंच पुढे.

घडातले खराब मणी काढणारी लंकाबाई वणीकडची आहे. ती काट्यावर चढली आणि म्हणाली, चैतालीताई, आमाला बी पेटीत भरून दुबईला धाडता का काय? सगळ्या खो खो हसल्या. मीसुद्धा.

१३ फेब्रुवारी
लंकाबाई कालपासून दिसत नाही. तिचा डबा खुंटीला तसाच आहे. वॉचमन धम्मपालदादांना विचारलं तर म्हणाले, कोण लंकाबाई? रोज तिची थट्टा करणारा माणूस! बायकांनाही ती आठवेना.

फाटकाच्या काट्याची शीट उघडली. नाव आहे. वजन ४९.९४. गटाची चौकट रिकामी.

माझा पहिला गट ४९.९ ला संपतो, दुसरा ५० ला सुरू होतो. काटा दशांशाची दोन घरं दाखवतो, आणि मधल्या वजनाला मी जागाच ठेवलेली नाही. असा कसा विसर पडला मला?

मघाशी फाटकाच्या भिंतीतून कोणीतरी खोकल्यासारखं वाटलं होतं. एकदा जाऊन बघते, मग लगेच तक्ता दुरुस्त करते.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
मी मध्ये आहे.

भिंतीला कान लावायला काट्यावर चढले. आकडा आला ५४.९५. एकही दार उघडलं नाही. मागे वळले तर मागेही भिंत. हात पसरले की दोन्हीकडे टेकतात.

लंकाबाई इथेच आहे, गारठलेली. कुठल्याच गटात न बसणारे सगळे इथेच येत असावेत. तिने पहिलं विचारलं, माझी पोरं कशी हायेत? ओरडून तिचा घसा बसलाय. दाराच्या चिरेतून धम्मपालदादा समोरून जाताना दिसले, आम्ही दोघींनी भिंत बडवली. ते शीळ घालत पुढे गेले.

मला घरी जायचंय. फोनवर शीट उघडतेय. आता फट म्हणून ठेवायची नाही.

१३ फेब्रुवारी, त्यानंतर
दुसऱ्या गटाचं टोक ५५.२ पर्यंत ओढलं. तिसऱ्याची सुरुवात ५४.८ वर आणली. घाईत कळलंच नाही, आता मी दोन्हीत बसते—

दोन्ही दारं एकदम उघडली. दुसऱ्यातून एक बाई बाहेर गेली. माझी ओढणी. माझी चाल. मी तिसऱ्याकडे धावले, तोवर बंद.

रात्री घरी फोन लावला. आई चिडली. म्हणाली, कोण बोलतंय? चैताली इथे बसलीये, लेकीला भरवतेय. मागे अंजली हसत होती.

१४ फेब्रुवारी, सकाळ
लंकाबाईला म्हटलं, तुमचाही गट वाढवते, आतली आतच राहते, पण निदान कोणीतरी घरी जाईल. ती म्हणाली, नको बाई, माझ्या लेकरांना दुसरीच कोणी जेऊ घालील, ते नको. ती रडली नाही. मी रडले.

शीटमध्ये माझं नाव दोनदा. तेच वजन, तीच वेळ. पहिली ओळ दुसऱ्या दाराची, म्हणजे ती. खालची मी.

गट पुन्हा नीट केले तर एकच ओळ उरेल. पहिली.

ती आली. धम्मपालदादांना जय भीम म्हणाली, माझ्याच आवाजात. आम्ही ओरडलो. ती थांबली— ऐकलं तिने— आणि गेली.

पुन्हा
तिने शीट उघडलीये. तिचा कर्सर माझ्या नावावर. एकच नाव दोनदा दिसलं की मी काय करते, मला माहीत आहे, खालचं पुसते—

रिकाम्या चौकटीत लिहिलं, थांब, मी आत आहे, जिवंत आहे.

कर्सर हलत नाही. वाचतेय.

तिला सगळं कळलंय. एका मुलीला दोन आया— नाही चालत. लंकाबाईने माझा हात घट्ट धरलाय.

खालची ओळ निळी झाली. निवडली तिने. तिच्या जागी मी असते तर मीही हेच के